प्रेक्षकांनी ठेवलेलं नाव

टोरंटोला भावाकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. भाचा आइस हॉकी खेळतो, त्यामुळे हॉकी हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर हॉकीपटूंचं संग्रहालय, बघायचंच, हे त्याने मी विमानात बसायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. जुन्या बँकेची भारदस्त इमारत, वर रंगीत काचांचा घुमट आणि त्या उजेडात ठेवलेला स्टॅन्ली कप, आइस हॉकीतला सगळ्यात मानाचा चषक. जिंकणाऱ्यांची नावं त्यावर वर्षामागून वर्ष कोरलेली आहेत. भाचा वाकून वाचत होता, तो एका ठिकाणी अडला. १९१९. माँट्रियल कॅनेडियन्स. सिएटल मेट्रोपॉलिटन्स. आणि खाली लिहिलेलं, मालिका पूर्ण झाली नाही. "आत्या, मग जिंकलं कोण?" मला कुठलं माहीत असायला. आमच्या मागे रांगेत उभे असलेले एक आजोबा पुढे झाले आणि त्याला म्हणाले, कोणीच नाही बाळा, फ्लूची साथ होती, बॅड जो त्यातच गेला. अगदी सहज म्हणाले. मग ते त्यांच्या वाटेने गेले, आम्ही आमच्या. पण त्यांच्या तोंडचा तो 'बॅड' काही माझ्या डोक्यातून जाईना.

माणूस साथीत गेला, त्याला शंभर वर्षं उलटून गेली, आणि अजून तो बॅडच.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाच्याचा सामना होता. बाहेर अंधार, गाड्यांच्या काचांवर बर्फ साचलेला, आणि रिंकच्या दारातून आत पाऊल टाकलं की कॉफीचा आणि ओल्या ग्लोव्हजचा असा एक मिसळलेला वास येतो, की पहिल्यांदा नाक मुरडावंसं वाटतं आणि मग त्याचीच सवय होते. बर्फ गुळगुळीत करणारी झांबोनी गाडी नुकतीच फिरून गेलेली असते, बर्फावर पाण्याचा पातळ थर चमकत असतो. त्याच्या वयोगटात अंगाने धडक द्यायला मनाई आहे. शेजारच्या रिंकवर मात्र मोठी मुलं खेळत होती. तिथे एक पोरगा पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, घेऊन कडेकडेने निघाला आणि दुसऱ्याने येऊन त्याला खांद्याने रिंकभोवतीच्या फळ्यांवर दाबला. तो आवाज टीव्हीवर कधी ऐकू येत नाही. आधी फळ्यांचा दणका, मग काचेची थरथर, आणि त्यात मिसळलेला छातीतून बाहेर फेकल्या गेलेल्या हवेचा एक हुंकार. बाकांवरची सगळी माणसं उठून उभी राहिली. मीही उठले. काळजीने उठले की आणखी बघायला मिळेल म्हणून उठले, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

मग या बॅड जोबद्दल, म्हणजे जो हॉलबद्दल, मिळेल ते वाचत सुटले.

जन्म १८८१ चा, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरमधल्या मिलविच नावाच्या गावचा. लहानपणीच घरचे कॅनडात आले आणि मॅनिटोबातल्या ब्रँडनमध्ये तो वाढला. सपाट माळ, रेल्वे, गहू आणि वर्षातले कितीतरी महिने बर्फ. विशीत असतानाच तो विनिपेग रोइंग क्लबच्या संघातून स्टॅन्ली कपसाठी ओटावाशी खेळायला गेला. १९०३ संपून १९०४ उजाडत होतं तेव्हाची ती मालिका. ओटावाचा संघ त्या काळी जितका गाजलेला होता तितकाच दांडगाही. विनिपेगची पोरं तिथून रक्ताळून, लंगडत परतली आणि कपही ओटावातच राहिला. कोवळ्या वयात हॉलने वरच्या दर्जाची हॉकी पाहिली ती अशी. आपल्यापेक्षा चांगला खेळणारा संघ आपल्याला मारतही होता, आणि त्याबद्दल त्या संघाला कुणी नावं ठेवत नव्हतं.

नंतरचा मुक्काम मला फार आवडतो. मिशिगनच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियरच्या काठी हॉटन नावाचं तांब्याच्या खाणींचं गाव आहे. जॅक गिब्सन नावाच्या एका दाताच्या डॉक्टरने तिथे हॉकीचं वेड रुजवलं आणि १९०४ साली तिथे जगातली पहिली उघडउघड पगारी हॉकी लीग सुरू झाली. तेव्हा कॅनडात खेळाचे पैसे घेणं म्हणजे बाटल्यासारखं मानायचे. पैसे घेतलेल्याला बाहेर काढायचे. आणि इथे खाणीत दिवसभर राबलेली माणसं संध्याकाळी तिकीट काढून अँफिड्रोम नावाच्या लाकडी रिंकमध्ये येऊन बसायची. त्यांच्यासाठी चांगले खेळाडू कॅनडातून पगारावर आणले जायचे. १९०५-०६ च्या मोसमात हॉल तिथल्या पोर्टेज लेक्स संघाकडून खेळला. वेगवान विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा, होता, गोलांचा सपाटा लावायचा. त्याच मोसमात त्याचे तीसहून अधिक गोल झाले आणि संघ लीग जिंकला. आज त्याचं नाव निघालं की आधी मारामारी आठवते. पण हॉटनच्या लोकांनी त्याला पैसे मोजले होते ते गोलांसाठीही, हे विसरलं जातं.

त्या काळच्या विंगरचं काम आजच्यासारखं नव्हतं. बर्फावर एका बाजूचे सातजण. पक पुढे ढकलून साथीदाराला द्यायला बंदी, पास द्यायचा तो आडवा नाहीतर मागे. म्हणजे विंगरने पक स्वतःच्या स्टिकवर ठेवून कडेच्या फळ्यांना घासत पुढे न्यायचा, आणि प्रतिस्पर्ध्याला चुकवायला जागा नसेल तर त्याच्या अंगातूनच वाट काढायची. बदली खेळाडू जवळजवळ नाहीतच. पहिल्या शिट्टीला उतरलेला गडी शेवटच्या शिट्टीपर्यंत बर्फावर. डोक्याला काही नाही, तोंडाला काही नाही, हातात मात्र लाकडाची जड काठी. दमलेला माणूस, अरुंद जागा आणि हातात काठी. तरी बहुतेक सामने धडपणे पार पडायचे, याचंच मला आश्चर्य वाटतं.

सगळेच धडपणे पार पडत नव्हते. १९०५ मध्ये ऑन्टारिओतल्या मॅक्सव्हिलला अल्साइड लॉरिन नावाचा खेळाडू सामन्यातच मारला गेला. १९०७ मध्ये कॉर्नवॉलला ओवेन मॅककोर्ट डोक्यात काठी बसून गेला. दोन्ही वेळा समोरच्या खेळाडूवर खटला भरला आणि दोन्ही वेळा तो सुटला. खटला चालला त्या एकेका माणसावर. तिकीट विकणाऱ्यांना आणि ते काढून ओरडायला येणाऱ्यांना कुणी पिंजऱ्यात उभं केलं नाही.

ओरडण्यावरून मला कराडकडच्या कबड्डीची आठवण आली. लहानपणी दिवाळीनंतर गावोगावच्या स्पर्धा लागायच्या. बाबा आम्हा दोघांना स्कूटरवर घालून न्यायचे. मैदानाच्या चार कोपऱ्यांना दिवे, बसायला कडब्याच्या पेंढ्या, हवेत धूळ आणि शेंगदाण्यांचा वास. एका संघाचा डावा कोपरा सांभाळणारा एक गडी होता, त्याला सगळे 'रेडा' म्हणायचे. चढाई करणारा त्याच्या बाजूला वळला की अख्खं मैदान श्वास रोखायचं. तो घोटा धरायचा, आणि धरला की सोडायचा नाही. समोरचा पंचाकडे बघून हात आपटत राहायचा. आमचे बाबा म्हणजे घरात शिरलेला विंचूसुद्धा चिमट्याने उचलून बाहेर सोडणारे. आणि तेच बाबा उभे राहून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचे, "मोड रं पाय त्याचा!" भाऊ खिदळायचा. मी बाबांच्या शर्टाचं टोक धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. घरी येताना ते पुन्हा आमचे बाबा असायचे. थंडी वाजते का, कानटोपी घाल, असं विचारणारे.

हॉलबद्दल वाचत होते त्या दिवसांत बाबांना फोन केला आणि विचारलं, तो रेडा आठवतो का? आठवतो म्हणाले. त्याची पकड कशी असायची, कुठल्या सामन्यात कुणाला धरलं, कुठल्या गावी पंचाशी हमरीतुमरी झाली, सगळं धडाधड सांगितलं. त्याचं नाव काय हो? बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, नाव असं काही… रेडाच म्हणायचो गं आम्ही.

हॉलला मी निर्दोष ठरवायला बसलेली नाही. तसं करणं त्याच्या हातून मार खाल्लेल्यांवर अन्याय होईल. १९१० च्या मोसमात माँट्रियलच्या शॅमरॉक्सकडून खेळताना त्याने सामन्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यालाच ठोसा मारला. लीगने दंड केला, अधिकाऱ्याच्या फाटलेल्या कपड्यांची भरपाईही भरावी लागली. जानेवारी १९१८ मध्ये टोरंटोला तो आणि टोरंटोचा विंगर अल्फ स्किनर यांनी एकमेकांवर काठ्या चालवल्या. पंचांनी दोघांना बाहेर काढलं, पंधरा-पंधरा डॉलर दंड झाला, आणि त्यावर टोरंटोच्या पोलिसांनी दोघांना धरून नेलं. शांततेचा भंग केल्याचा आरोप. शिक्षा झाली, पण स्थगित ठेवली गेली. तेव्हा हॉल छत्तीस वर्षांचा होता. घरी बायको, तीन मुलं. कोर्टात उभं राहताना त्याच्या कपाळावर टाके असतील का, मुलांना वर्तमानपत्र दाखवलं असेल की लपवलं असेल, असलं काहीबाही माझ्या मनात येत राहतं.

त्याच मोसमापासून नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) सुरू झाली होती. पहिल्याच मोसमात सगळ्यात जास्त वेळ शिक्षेत बाहेर बसलेला खेळाडू हॉल, १०० मिनिटं. दुसऱ्या मोसमातही तोच. तोपर्यंत तो विंग सोडून मागे बचावाला आला होता. वय झालं की पाय मंदावतात, खांदे मात्र राहतात. दांडगाई करणाऱ्याला मालक मोसमामागून मोसम करारावर घेत राहतो, ते दांडगाई हवी असते म्हणूनच. नियमबुकात तिला गुन्हा म्हणतात आणि तिकीटखिडकीवर तिचेच पैसे करतात. मला राग येतो तो या दुटप्पीपणाचा.

पण ज्यांनी त्याच्याशी बर्फावर रोजचा व्यवहार केला, ते काय म्हणतात? क्विबेक बुलडॉग्जकडून हॉल कितीतरी मोसम खेळला, १९१२ आणि १९१३ असे लागोपाठ दोन कप तिथे जिंकला. त्याच संघात जो मेलोन होता, एनएचएलच्या पहिल्या मोसमात वीस सामन्यांत ४४ गोल करणारा, स्वभावाने मवाळ म्हणून ओळखला जाणारा माणूस. मेलोनने पुढे आपल्या आठवणींत हॉलची बाजू घेतली. लोक म्हणतात तसा तो दुष्ट नव्हता, धडक जोरात द्यायचा आणि तितक्याच जोरात सोसायचाही, असं त्याचं म्हणणं. आणि दुसरा, न्यूसी लालोंड. कॅनेडियन्सचा लालोंड आणि क्विबेकचा हॉल यांचं वैर म्हणजे त्या काळची हमखास गर्दी. वर्षानुवर्षं दोघांनी एकमेकांना काठीने सोलून काढलं होतं. १९१७ मध्ये क्विबेकने संघ उतरवला नाही, तिथले खेळाडू इतर संघांत वाटले गेले आणि हॉल कॅनेडियन्सकडे आला. दौऱ्यावर दोघांनी एकाच खोलीत राहायचं ठरलं. आणि ते राहिलेही, चांगले राहिले.

ती खोली मला फार वेळा डोळ्यांपुढे येते. रेल्वे स्टेशनजवळचं हॉटेल, वाफेची तापणारी नळी, दोन पलंग, खुर्चीवर वाळत घातलेले लोकरीचे मोजे. एकाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याने दिलेली खूण आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्याने दिलेली. सकाळी आरशासमोर दाढी करताना दोघांनाही ती रोज दिसणार. त्यावर ते हसले असतील, की कधी विषयच काढला नसेल? गॅलरीत बसणाऱ्यांना या दोघांचं वैर पुरून उरेल इतकं हवं होतं. त्या दोघांना मात्र ते बर्फावरच ठेवता आलं. कबड्डीतही पाहिलंय मी हे. सामना संपला की घोटा धरणारा आणि घोटा सुटावा म्हणून तडफडलेला एकाच पाण्याच्या टाकीवर हात-पाय धूत उभे असायचे, आणि बाहेर त्यांचे पाठीराखे एकमेकांची गचांडी धरायचे.

मार्च १९१९ मध्ये कॅनेडियन्स सिएटलला पोहोचले. साथ आता ओसरली, असं सगळ्यांनी धरलं होतं. आदल्या ऑक्टोबरात त्या शहरात मास्कची सक्ती झाली होती, महायुद्ध थांबलं तशी ती उठलीही. ही तीच साथ, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणायचे. मुंबईत १९१८ च्या जूनमध्ये गोदीवरच्या पोलिसांपासून तिने सुरुवात केली आणि ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसं नेली. आमच्या घरातही तिचं नाव निघायचं. पणजोबांचे भाऊ गेले, मग त्यांना पोचवून आलेले गेले, एवढंच आजी सांगायची, आणि पुढे विचारलं तर उठून स्वयंपाकघरात निघून जायची.

सिएटलमध्ये एक सामना पश्चिमेकडच्या लीगच्या नियमांनी, सातजणांचा, आणि पुढचा पूर्वेकडच्या लीगच्या, सहाजणांचा, असं चाललं होतं. पहिला सामना सिएटलने ७-० ने घेतला, दुसरा माँट्रियलने ४-२, तिसरा पुन्हा सिएटलने ७-२. चौथा तर जादा वेळ खेळूनही ०-० राहिला. एकही गोल नाही, आणि शेवटी बर्फावरच आडवे झालेले खेळाडू. पाचव्या सामन्यात माँट्रियल ०-३ ने मागे होतं, तिथून त्यांनी बरोबरी केली आणि जॅक मॅकडॉनल्डने जादा वेळेत गोल मारून ४-३ ने जिंकला. हॉल तो सामना पुरा करू शकला नाही. अंगात ताप होता. आयुष्यभर इतरांना फळ्यांवर दाबणारा हा गडी आपल्या पायांनी बाहेर येऊन बसला.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला निर्णायक सामना व्हायचा होता. त्या दिवशी माँट्रियलचे हॉल, मॅकडॉनल्ड, लालोंड, कुतू, बर्लिंकेट असे एकेक अंथरुणाला खिळलेले, मॅनेजर जॉर्ज केनेडीसुद्धा. सामना काही तासांवर आला असताना रद्द झाला. केनेडीने सांगितलं, आमचा संघ उभा राहू शकत नाही, कप तुम्ही घ्या. सिएटलचा प्रशिक्षक पीट मल्डून म्हणाला, असा नको. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, कप हाताशी ठेवलेला, नियमाने त्याचाच झाला असता. त्याने घेतला नाही. या खेळाबद्दल मी जे जे वाचलं त्यात मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट ही आहे, आणि तिचा गोल नाही की मिनिटं नाहीत.

बाकीचे हळूहळू सावरले. हॉलचा ताप फुफ्फुसात उतरला. ५ एप्रिल १९१९ ला सिएटलच्या कोलंबस सॅनिटेरियममध्ये तो गेला, अडतीस पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता. पुरलं व्हँकुव्हरला. केनेडी उठला खरा, पण पूर्वीसारखा कधीच झाला नाही, १९२१ मध्ये तोही गेला.

हॉल ऑफ फेममध्ये त्या काळच्या मोठ्या खेळाडूंची नावं एकेक करून दाखल होत गेली. मेलोन १९५० साली आला. लालोंडही त्याच साली. हॉल आला १९६१ मध्ये. कप याच्याही नावावर होते आणि खेळतानाच्या आजारात जीवही गेला होता. एकाच खोलीत राहिलेल्या दोघांच्या मध्ये अकरा वर्षं पडली. काठी लालोंडनेही चालवली होती, पण त्याला कुणी बॅड न्यूसी म्हणत नव्हतं. मला वाटतं, ही अकरा वर्षं त्या टोपणनावाने खाल्ली.